दुर्बीण स्वतःची असावी

या वेळचा मुक्काम जयपूर. क्वार्टर मिळायला अजून वेळ आहे, म्हणून मालवीय नगरात भाड्याने घर घेतलं आहे. एका बाजूला गौरव टॉवर, वर्ल्ड ट्रेड पार्कचा झगमगाट आणि दुसऱ्या बाजूला झालाना डुंगरीचे डोंगर. सुमारे वीस चौरस किलोमीटरचं हे जंगल एकेकाळी जयपूरच्या राजांची शिकारीची जागा होती. त्यांची शिकार औदी, म्हणजे शिकारीसाठी बांधलेली इमारत, आजही आत उभी आहे. आता तिथे बिबट्याची सफारी चालते. पावसाळ्यात नवरंग पक्षी येतो. कधी कधी बिबट्याच डोंगर उतरून वस्तीत येतो आणि सकाळी गल्लीभर तीच चर्चा असते.

अशा शेजारामुळे इथे राहणारे निवृत्त फौजी एक प्रश्न हमखास विचारतात. "साहेब, चांगली दुर्बीण कोणती घ्यावी? आणि एवढे पैसे घालावेत का?" झाइस, लायका, स्वारोव्स्की यांची वरच्या दर्जाची दुर्बीण दोन लाखांच्या पुढे जाते. पेन्शनीतून घेणाऱ्याने विचार करायलाच हवा. नोकरीतली दुर्बीण सहीवर मिळते आणि सहीवरच परत जाते, त्यामुळे तिची किंमत आपल्याला कधी कळलेलीच नसते. ती इतिहासातून चांगली कळते.

दुर्बीण हा शब्द फारसी. दूर म्हणजे लांब, बीन म्हणजे पाहणारा. जयपूर वसवणाऱ्या सवाई जयसिंगाच्या दरबारी दुर्बिणी होत्या. त्यांतून गुरूचे चार चंद्र आणि सूर्यावरचे डाग पाहिल्याचं त्याच्या ज्योतिषग्रंथात नोंदलेलं आहे. पण मोजमापासाठी त्याने भरवसा ठेवला तो दगडी यंत्रांवर. जंतरमंतरवरचं सम्राट यंत्र सत्तावीस मीटर उंच आहे. त्या काळच्या एकनळी दुर्बिणीत चित्र अंधूक दिसे, कडांना रंग फुटत, आणि नळी लांबलचक असे.

ही लांबी कमी केली इटलीच्या इग्नाझिओ पोरोने. हा गडी स्वतः लष्करी अधिकारी राहिलेला. १८५४ मध्ये त्याने दोन लोलकांची अशी रचना केली की उलटं चित्र सुलटं होतं आणि प्रकाशाची वाट घडी घातल्यासारखी आखूड होते. कल्पना उत्तम होती, पण तिला साजेशी निर्दोष काच तेव्हा मिळत नव्हती. जर्मनीतल्या येना गावी ऑटो शॉटने १८८४ मध्ये काचेचा कारखाना उभा केला, अर्न्स्ट आबेने गणित मांडलं आणि १८९४ मध्ये झाइसने लोलकांची दुर्बीण बाजारात आणली. पोरोच्या कल्पनेला चाळीस वर्षं थांबावं लागलं, ते काचेसाठी.

या काचेची किंमत ब्रिटनला १९१४ मध्ये कळली. चांगली ऑप्टिकल काच ते बहुतांश बाहेरूनच घेत, त्यातही मोठा भाग जर्मनीचा. युद्ध सुरू होताच तोफखान्याच्या आणि पायदळाच्या अधिकाऱ्यांना दुर्बिणी पुरेनात. मग फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्सने वर्तमानपत्रांतून जनतेला आवाहन केलं, की घरातल्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्या. घोड्यांच्या शर्यती बघायच्या दुर्बिणी लोकांनी आणून दिल्या आणि त्या आघाडीवर गेल्या. हा रॉबर्ट्स कानपूरला जन्मलेला, भारतात सरसेनापती राहिलेला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फ्रान्समध्ये भारतीय पलटणींना भेटायला गेला आणि न्यूमोनियाने तिथेच वारला. १९१५ मध्ये तर ब्रिटनने स्वित्झर्लंडमार्फत थेट शत्रूकडूनच, म्हणजे जर्मनीकडून, दुर्बिणी मिळवण्याची बोलणी केली. त्यांच्याच युद्धसामग्री मंत्रालयाच्या इतिहासात ही नोंद आहे. ज्याच्यावर गोळी झाडायची, त्याच्याकडेच नेम धरायची काच मागायची वेळ आली.

आपल्या देशाने हा धडा लक्षात ठेवला. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, कोलकात्याच्या सरकारी उपकरण कारखान्याचा एक भाग डेहराडूनला हलवला गेला. त्यातून तिथली ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. फौजेच्या दुर्बिणी आणि शस्त्रांवरची दृष्टिसाधने तिथे बनू लागली. कोलकात्याच्याच केंद्रीय काच व सिरॅमिक संशोधन संस्थेने साठच्या दशकात देशी ऑप्टिकल काच तयार केली.

आता पैशांचं बोलू. दुर्बिणीवर ८×४२ लिहिलेलं असतं. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते, बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. बेचाळीसला आठने भागा. सव्वापाच मिलिमीटरचा प्रकाशाचा झोत डोळ्यात येतो. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, पन्नाशीनंतर पाचच्या आसपास. म्हणजे आपल्या वयाच्या माणसाला ८×४२ पुरे. ७×५० चं वजन गळ्यात वागवून जादा उजेड मिळत नाही. दहापटीत हात थरथरला की चित्रही दहापट थरथरतं.

मग दोन लाख कशाचे? उजेडाचे. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ४ टक्के प्रकाश मागे फिरतो. असे दहा पृष्ठभाग आले की एक तृतीयांश उजेड वाटेतच गळतो. १९३५ मध्ये झाइसच्या अलेक्झांडर स्माकुलाने काचेवर पातळ थर चढवून ही गळती रोखली. जर्मनीने ते तंत्र लष्करी गुपित म्हणून जपलं. आज बरी दुर्बीण तीस-चाळीस हजारांत मिळते आणि भर दुपारी तिच्यात नि महागड्या दुर्बिणीत फारसा फरक जाणवत नाही. फरक जाणवतो तो सूर्य डोंगराआड गेल्यावर. झालानात बिबट्या नेमका त्याच वेळी धोकाच्या झाडाखालून उठतो. ठिपके आणि सावली वेगळी दिसली, तर पैसे वसूल. म्हणून दुकानात दारापाशी उभं राहून उजेडात पाहू नका. संध्याकाळी जा आणि समोरच्या इमारतीच्या जिन्यातला अंधारा कोपरा पाहा.

पण काच अर्धंच काम करते. २३ सप्टेंबर १८०३, जालना जिल्ह्यातलं असई. शिंदे-भोसल्यांची फौज केळणा नदीपलीकडे. वाटाड्यांनी वेलस्लीला सांगितलं, नदीला उतार नाही. त्याने पाहिलं, तर पिंपळगाव आणि वरूड ही दोन गावं समोरासमोर, नदीच्या दोन काठांवर. येण्याजाण्याची सोय असल्याशिवाय माणसं अशी गावं वसवणार नाहीत, असा त्याने हिशेब केला. उतार निघाला आणि लढाई आपल्या हातून गेली. ती गावं तर सगळ्यांनाच दिसत होती.

आणि मे १९९९. बटालिकजवळच्या गारखोन गावचा मेंढपाळ ताशी नामग्याल हरवलेला याक शोधत डोंगर चढला. जवळच्या दुर्बिणीतून उंचावर पाहिलं, तर माणसं मोर्चे खणताना दिसली. तो गप्प बसला नाही, खाली येऊन जवानांना सांगितलं. कारगिलच्या घुसखोरीची पहिली खबर अशी एका गुराख्याच्या दुर्बिणीतून आली. डिसेंबर २०२४ मध्ये ताशी गेला, तेव्हा फौजेने त्याला मानवंदना दिली.

म्हणून विचारणाऱ्यांना माझं उत्तर सोपं आहे. झेपेल तेवढ्यातली घ्या, पण स्वतःची घ्या आणि रोज वापरा. राजस्थानची धूळ गमछ्याने पुसू नका. आधी फुंकणीने उडवा, मगच मऊ कापड लावा. कोकणात घर असेल तर पावसाळ्यात सिलिका जेलच्या डब्यात ठेवा, नाहीतर काचेला बुरशी धरते. आणि कपाटात कुलूपबंद ठेवायची असेल तर दोन लाख बँकेतच बरे. गच्चीवर खुंटीला टांगलेली तीस हजारांची दुर्बीण त्यापेक्षा जास्त पाहते.