भुतांच्या वाड्यांतील दिवे

‘भित्यापाठीं ब्रह्मराक्षस’ ही म्हण ज्यानें प्रथम उच्चारली, त्याला भीतीचें मर्म पुरतें कळलें होतें. ब्रह्मराक्षस पिंपळावर बसलेला नसून भिणाऱ्याच्या मनांत बसलेला असतो. युरोप व अमेरिका या खंडांत सव्वादोनशें वर्षांपासून या ब्रह्मराक्षसाला तिकीट लावून दाखविण्याचा रीतसर धंदा चालत आला आहे. त्या धंद्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक चमत्कारिक गोष्ट आढळते. भूत निर्माण करणारा मनुष्य भुताला भीत नाहीं. तो भितो दिव्याला! दिवा लागला, पडद्यामागील युक्ति उघडी पडली, कीं आपला धंदा बुडाला, ही त्याची चिंता. ही चिंता कितपत खरी ठरली?

या धंद्याचा पहिला मोठा सूत्रधार एत्येन-गास्पार रोबेर, ऊर्फ रॉबर्टसन, हा १७६३ सालीं लीएज येथें जन्मला. त्यानें १७९८ सालीं पॅरिसमध्यें ‘फँटास्मागोरिया’ नांवाचे खेळ आरंभिले व पुढील वर्षीं कापुचिन संन्यासिनींच्या ओसाड मठांत आपलें बिऱ्हाड हलविलें. राज्यक्रांतीच्या वणव्यांतून तें शहर नुकतेंच बाहेर पडलें होतें. गिलोटिनखालीं गेलेल्यांचे आप्त त्या अंधाऱ्या दालनांत येऊन बसत, आणि धुराच्या लोटांत मृतांचे चेहरे त्यांच्या अंगावर धांवून येत. रॉबर्टसन मात्र प्रारंभींच बजावीत असे, कीं यांत मंत्रतंत्र कांहीं नसून सर्व विज्ञानाचें कार्य आहे. असें सांगूनही लोक किंचाळत, हें विशेष!

युक्ति साधी होती. पडद्यामागें चाकांवर बसविलेला जादूचा कंदील असे. तो मागें ओढला कीं पडद्यावरील आकृति मोठी होई, व ती जवळ येत आहे असा प्रेक्षकाला भास होई. आकृतीभोंवतालची कांच काळी रंगविलेली असल्यामुळें ती अधांतरीं तरंगतांना दिसे. पुढें रॉबर्टसनच्या जुन्या साहाय्यकांनीं हाच खेळ स्वतंत्रपणें मांडला, तेव्हां त्यानें न्यायालयाचा दरवाजा ठोठावला. आणि तेथेंच त्याचा घात झाला. आपली कृति चोरली हें सिद्ध करावयाचें, तर ती कृति काय आहे हें सांगणें प्राप्त! कंदिलाचें रहस्य अशा रीतीनें भर न्यायालयांत उघडें पडलें. परंतु भुतें मेलीं नाहींत. त्यांचे खेळ युरोपभर पसरले. नुकसान झालें तें एकट्या रॉबर्टसनच्या मक्तेदारीचें.

हाच जादूचा कंदील पुढें महाराष्ट्रांतही आला. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत त्याला ‘शांबरिक खरोलिका’ असें भारदस्त नांव देऊन खेळ केले. पण त्यांच्या कंदिलांतून भुतांऐवजीं रामायण-महाभारतांतील आख्यानें बाहेर पडलीं. साधन एकच, त्यांतून काय दाखवावें, हें ज्या त्या समाजाच्या ओढीवर अवलंबून असतें.

दुसरी मोठी युक्ति इंग्लंडांत जन्मली. हेन्री डर्क्स या इंजिनियरानें ती १८५८ सालीं मांडली. परंतु तिच्यासाठीं नाटकगृह नव्यानें बांधावें लागलें असतें, म्हणून कोणी तिच्याकडे वळेना. लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निक संस्थेंतील जॉन हेन्री पेपर यांनीं तिला सोपें रूप दिलें, आणि २४ डिसेंबर १८६२ रोजीं डिकन्सच्या एका कथेंतील प्रवेशांत रंगभूमीवर भूत अवतरलें. रात्रीं आगगाडीच्या खिडकीच्या कांचेंत आपलाच चेहरा बाहेरच्या अंधारांत तरंगतांना दिसतो, तोच हा न्याय. रंगभूमीवर एक मोठी कांच तिरपी उभी करावयाची, प्रेक्षकांना न दिसणाऱ्या खड्ड्यांत पांढऱ्या वेषांतील नट ठेवावयाचा, आणि त्याच्यावर प्रखर प्रकाश टाकावयाचा, कीं त्याचें प्रतिबिंब जिवंत नटांच्या शेजारीं उभें राहतें. प्रकाश कमी केला कीं भूत विरून जातें.

पेपर यांनीं आपल्या ग्रंथांत एक आठवण नमूद केली आहे. थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे हे पडद्यामागें येऊन तें सर्व पाहत होते, तरी त्यांना उलगडा होईना. शेवटीं पेपर यांनीं त्यांचा हात धरून त्या अदृश्य कांचेवर टेकविला. विजेचे नियम शोधून काढणाऱ्या पुरुषालाही डोळ्यांनीं न दिसलेली कांच हातांनींच कळली! डर्क्स यांच्या वांट्याला मात्र न्याय आला नाहीं. पुढें स्वामित्वाच्या सनदेंत दोघांचीं नांवें लागलीं, तरी जगानें त्या भुताला पेपरचेंच नांव दिलें.

शंभर वर्षांनीं हेंच भूत अमेरिकेंत नव्या वाड्यांत राहावयास गेलें. कॅलिफोर्नियांतील डिस्नेलँड येथें ‘हाँटेड मॅन्शन’ची इमारत १९६३ सालींच बाहेरून पुरी झाली होती, पण वाडा उघडला ९ ऑगस्ट १९६९ रोजीं. वॉल्ट डिस्ने हे १९६६ सालींच निवर्तले होते, त्यामुळें त्यांना तो पाहावयास मिळाला नाहीं. ज्या खोलीच्या भिंती लांबत जात असल्याचा भास होतो, ती खोली म्हणजे वस्तुतः खालीं उतरणारा पाळणा आहे. उद्यानाभोंवतीं आगगाडीचा बांध आहे. त्याच्याखालून पाहुण्यांना पलीकडच्या मोठ्या इमारतींत नेण्यासाठीं ही योजना केली गेली. नृत्यदालनांत पेपर यांचीच कांच आहे. प्रतिबिंबांत डावें-उजवें उलटें होत असल्यामुळें तेथें नाचणाऱ्या जोड्यांत पुरुषाऐवजीं स्त्री पुढाकार घेतांना दिसते! यंत्र अडून गाड्या थांबल्या व दुरुस्तीचे दिवे लागले, कीं उरतात त्या निव्वळ बाहुल्या, तारा आणि धूळ.

या वाड्याचे रचनाकार येल ग्रेसी व रॉली क्रंप यांची एक गोष्ट क्रंप सांगत असत. रात्रीं झाडलोट करणाऱ्या नोकरांना त्यांच्या प्रयोगशाळेंतील भुतांची भीति वाटूं लागली, म्हणून दिवे चालू ठेवण्याची विनंती झाली. दोघांनीं ती मान्य केली. परंतु कोणी मध्यें येतांच दिवे मालवून भुतें जागीं होतील, अशी खोडीही करून ठेवली. सकाळीं पाहतात तों भुतें नाचत आहेत, आणि जमिनीवर मध्येंच एक झाडू टाकून दिलेला आहे. हीं यंत्रें आहेत हें त्या नोकरांना पक्कें ठाऊक होतें. पण अंधारांत तें ज्ञान त्यांच्या कामीं आलें नाहीं.

फ्लोरिडांतील युनिव्हर्सल उद्यानानें तर आतां दिव्याचेंच तिकीट लावलें आहे. तेथें १९९१ पासून दरवर्षीं शरद ऋतूंत भयगृहें उभीं राहतात व हंगाम संपतांच पाडलीं जातात. अलीकडे दिवसा सर्व दिवे लावून लोकांना तीं घरें हिंडून दाखविण्यांत येतात. एका बाजूस लक्ष वेधून घेऊन दुसऱ्या बाजूनें नट कसा झेप घेतो, तो कोणत्या कोनाड्यांत दडतो, हें वाटाड्या समजावून सांगतो. तीच घरें रात्रीं पुन्हा किंकाळ्यांनीं भरून जातात.

रॉबर्टसनची चिंता अशा रीतीनें निराधार ठरली. दिव्यानें भूत मरत नाहीं. तें फक्त आपल्या निर्मात्याच्या ताब्यांतून सुटतें. पण दिवा लागतो तेव्हां एक मोठें काम होतें. ज्या समाजांत भुताच्या नांवानें भोळ्या माणसांना लुबाडलें जातें, तेथें कांचेवर हात टेकविणारा कोणी तरी लागतोच. फॅरडे यांचा हात पेपर यांनीं धरला. इतरांचा हात धरण्याचें काम अजून बाकी आहे.