कोखरच्या आधी तीन हजार वर्षं

खांदा निखळला की त्याची गोलाई जाते. टोकाच्या हाडाखाली बोट दाबलं तर खळगा लागतो, आणि त्या हाताचा पंजा दुसऱ्या खांद्यावर ठेवला की कोपर छातीला टेकत नाही. ओळखणं सोपं, बसवायचा कसा, यावरच वैद्यांचं पूर्वापार एकमत नाही.

हिपोक्रेटिसच्या ग्रंथांत काखेत टाच रोवून हात ओढायला सांगितलंय. सुश्रुत मुसळाने काख उचलून धरतो आणि सांधा बसल्यावर स्वस्तिकबंध बांधतो. स्विस शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी १८७० मध्ये वेगळाच मार्ग मांडला: कोपर काटकोनात वाकवून अंगाशी ठेवायचं, हात अडेपर्यंत बाहेर वळवायचा, दंड पुढे उचलायचा आणि हात आत फिरवायचा. त्यांच्या मूळ पद्धतीत ओढणं नाहीच. ते इतरांनी मागाहून जोडलं.

आणि मग १९६८ मध्ये एम. के. हुसेन यांनी दाखवून दिलं की ही पद्धत इजिप्तमधल्या एका थडग्याच्या भिंतीवर आहे! देर अल-मदिना हे राजांची थडगी खोदणाऱ्या कारागिरांचं गाव. तिथे दुसऱ्या रामसेसच्या काळातल्या इपुई या मूर्तिकाराच्या थडग्यात कामाच्या जागेचं चित्र आहे. एकाच्या डोळ्यावर उपचार चाललेत, तर दुसऱ्याचा कोपरात वाकवलेला हात सोबत्याने धरलाय.

आक्षेप आहेतच. एडविन स्मिथ पपायरस या प्राचीन इजिप्तच्या वैद्यकीय पोथीत निखळलेला जबडा आहे, गळ्याजवळचं हाड आहे, पण खांद्याचा सांधा नाही. शिवाय तो सोबती हात नुसता तपासत असेल, तर? पहिला आक्षेप लंगडा आहे. दगड फोडणाऱ्यांचं हातचं कसब पोथीत उतरलंच पाहिजे असं थोडंच आहे? दुसरा जड आहे, कारण चित्रात एकच क्षण सापडतो. तरीही पारडं हुसेन यांच्याच बाजूला झुकतं. ओढणारा माणूस हात सरळ करतो, पायाला टेकू शोधतो. वाकलेलं कोपर उपयोगी पडतं ते दंड फिरवायला, कारण पुढचा हातच तरफ होतो.

ही तरफ जोरात वापरली तर दंडाचं हाड मोडू शकतं, म्हातारपणी तर जास्तच. म्हणून आज अनेक डॉक्टर दंडाच्या बाहेरच्या बाजूची संवेदना आधी तपासतात आणि मग कोखरची पहिली पायरीच वापरतात: कोपर अंगाशी, हात हळूहळू बाहेर, कुठेही हिसका नाही.