सनद, कुलूप आणि मदरबोर्ड

मराठेशाहीतील इनामपत्रांच्या अखेरीस बहुधा एक ठरीव कलम येते. गावच्या मोकदमाला आणि परगण्याच्या अधिकाऱ्यांना त्यात बजावलेले असते की, इनामदाराकडे दरसाल नव्या पत्राची मागणी करू नये. या पत्राची तालीक, म्हणजे नक्कल, दप्तरात उतरून घ्यावी आणि असल पत्र भोगवट्यासाठी ज्याचे त्याला परत द्यावे. मोडी वाचू लागलेल्या माणसाला हे कलम इतक्या वेळा भेटते की थोड्याच दिवसांत नजर त्यावरून घसरून पुढे जाते.

तसे होऊ देऊ नये. हक्काचा पुरावा हक्कदाराच्या हाती राहावा की सरकारच्या दप्तरात, हा मोठा प्रश्न त्या दोन ओळींनी सोडवलेला आहे. या धाग्याचा विषय तोच प्रश्न आहे, पण संगणकातला: मदरबोर्ड बदलताच विंडोज आपल्या मालकाला ओळखेनाशी का होते, आणि पैसे मोजून घेतलेला परवाना पुन्हा जागा का करावा लागतो?

प्रश्न नीट दिसावा म्हणून आळंदीतले कोणतेही डीटीपीचे दुकान डोळ्यांसमोर आणावे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींच्या पालखीचे प्रस्थान, कार्तिक वद्यात समाधी सोहळ्याची यात्रा. त्याआधीचे आठवडे दिंड्यांची पत्रके, सप्ताहाच्या कार्यक्रमपत्रिका आणि पावतीपुस्तके यांचे. मंगल कार्यालयांच्या या गावात लग्नपत्रिका बारमाही. एका अंगाला चाकणचे कारखाने, दुसऱ्या अंगाला भोसरी, त्यामुळे नोकरीच्या अर्जांचेही टंकन होते. अशा दुकानात ऐन हंगामात मदरबोर्ड जळाला, तर नवा बसवायला दोन तास पुरतात. खरी अडचण त्यानंतर सुरू होते.

आधी सनदेकडे थोडे परत जाऊ. वर सांगितलेले कलम आश्वासक असले, तरी व्यवहार तितका सरळ नव्हता. राज्यकर्ता बदलला की जुन्या सनदा नव्या शिक्क्याने पुन्हा करून घेण्याची रीत होती आणि त्यासाठी नजर द्यावी लागे. पत्र तेच, जमीन तीच, कुळ तेच. बदलले ते फक्त ज्याच्या नावाने मान्यता चालत होती ते आसन. इंग्रजी अमलात १८५२च्या ११व्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले, तेव्हा फासा उलटा पडला. इनामदाराने आपले कागद घेऊन हजर व्हायचे आणि सरकारने ते पेशवे दप्तरातील नोंदींशी पडताळून पाहायचे. घरात वाळवी लागलेले, वाटणीत हरवलेले किंवा आगीत गेलेले पत्र म्हणजे संशयित हक्क. असंतोष इतका वाढला की १८६३मध्ये कायदा करून सरसकट तोडगा काढावा लागला: हक्काची चिकित्सा नको, ठरलेली आकारणी भरा आणि जमीन राखा.

या घडामोडीत पुराव्याच्या तीन जागा दिसतात: धन्याच्या हातातला कागद, वस्तूवर असलेला प्रत्यक्ष ताबा, आणि दूरच्या दप्तरातली नोंद. संगणकाच्या परवान्याने जेमतेम ४० वर्षांत याच तिन्ही जागा पालथ्या घातल्या.

परवान्याची कल्पनाच मुळात जुनी नाही. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. अल्टेअर या यंत्रासाठी त्यांच्या कंपनीने केलेली बेसिक प्रणाली लोक एकमेकांना उतरवून देत होते. तक्रार तीच होती. भारतात संगणक प्रणालीला लेखनकृती म्हणून संरक्षण मिळाले ते १९८४च्या दुरुस्तीने, आणि १० मे १९९५पासून अमलात आलेल्या दुरुस्तीने बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यालाही शिक्षा ठरवली: किमान सात दिवस, कमाल तीन वर्षे कैद. कायदा कडक होता. दुकानातला संगणक मात्र कायद्यापेक्षा शेजाऱ्याच्या सीडीवर अधिक विसंबून होता, हे त्या काळातले प्रत्येक गाव जाणते.

आळंदीसारख्या गावी नक्कल करणे हे पाप वाटावे असा इतिहासही नव्हता. ज्ञानेश्वरी शके १२१२ची, म्हणजे १२९०ची. पुढची तीनशे वर्षे ती हातांनी उतरवलेल्या पोथ्यांतून पसरली आणि त्या ओघात पाठ बिघडले. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४मध्ये, प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि त्यात कोणी आपल्या पदरची ओवी घालू नये असे बजावले. बंदी भर घालण्यावर होती, उतरवून घेण्यावर नव्हती. किंबहुना उतरवून घेणे हीच सेवा होती. सॉफ्टवेअर कंपनीची भीती नेमकी उलटी असते. तिला एकही अक्षर न बदलता केलेली नक्कल सलते.

ही नक्कल रोखण्याचा पहिला मराठी इतिहास पुण्यात घडला. सी-डॅक ही संस्था १९८८मध्ये पुण्यात स्थापन झाली आणि आयआयटी कानपूरमधील संशोधनातून उभे राहिलेले जिस्ट तंत्रज्ञान तिने पुढे नेले. डॉसच्या त्या जमान्यात संगणकावर देवनागरी आणायची तर जिस्ट कार्ड नावाची एक पट्टी मदरबोर्डच्या खाचेत बसवत. लिपी त्या पट्टीवरच्या चिपमध्ये असे. वेगळ्या परवान्याची गरजच नव्हती. पट्टी ज्याच्याकडे, मराठी त्याच्याकडे. ताबा हाच पुरावा.

विंडोज आल्यावर लिपी पट्टीतून निघून फॉन्टच्या फायलींत आली, आणि फाइल उतरवायला फ्लॉपी पुरते. मग कुलूप आले. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे श्री-लिपी हे पॅकेज महाराष्ट्रातील छपाईच्या व्यवसायात घरोघरी पोचले. त्याच्यासोबत हार्डवेअर लॉक मिळे. दुकानांत त्याला नुसते 'लॉक' किंवा 'डोंगल' म्हणत. काडेपेटीएवढा हा ठोकळा आरंभीच्या काळात संगणकामागच्या प्रिंटरच्या पोर्टला लावत आणि प्रिंटरची केबल त्याच्या पाठीवर जोडत. प्रणाली अधूनमधून त्या ठोकळ्याला एक आकडा विचारी. अपेक्षित उत्तर आले तर काम पुढे चाले. सीडीच्या शंभर प्रती काढता येत, ठोकळ्याची नाही.

या व्यवस्थेला नावे ठेवणे सोपे आहे, पण तिच्यात एक प्रामाणिकपणा होता. संगणक बदला, डिस्क बदला, दुकान भोसरीला हलवा. लॉक खिशात घालून न्यावे, नव्या यंत्राला लावावे आणि काम सुरू करावे. कोणाला फोन नाही, कोणाची परवानगी नाही. असल पत्र भोगवट्यासाठी परत मिळाल्यासारखेच ते होते.

त्याला मारले ते पोर्टने. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात नव्या मदरबोर्डांवरून प्रिंटरचा जुना समांतर पोर्ट नाहीसा होत गेला आणि यूएसबीने त्याची जागा घेतली. जिस्ट कार्डाची आयएसए खाच त्याआधीच गेली होती. लॉक शाबूत, परवाना शाबूत, पण ते लावायला भोकच उरले नाही. यूएसबीचे लॉक घ्या, नवी आवृत्ती घ्या, नाहीतर जुना संगणक जपून ठेवा, एवढेच पर्याय उरले. चिंचवड-भोसरी पट्ट्यात सुट्या भागांची रेखाटने करणाऱ्या छोट्या कारखान्यांतही लॉकवर चालणारी महाग रेखाटन-पॅकेजे होती. अडचण त्यांचीही हीच.

इकडे खुद्द विंडोजने वेगळीच वाट धरली. २५ ऑक्टोबर २००१ रोजी बाजारात आलेल्या विंडोज एक्सपीने सक्रियकरण सामान्य ग्राहकाच्या घरापर्यंत आणले. वेगळे कुलूप द्यायचे नाही. संगणक हेच कुलूप मानायचे. त्याच वर्षी जुलैमध्ये फुली लायसन्स्ड या जर्मन कंपनीने या यंत्रणेची चिरफाड करून तिचे अंतरंग प्रसिद्ध केले, त्यामुळे ती कशी चालते हे फार काळ गूढ राहिले नाही. प्रणाली यंत्राचे दहा गुणधर्म पाही: प्रोसेसरचा प्रकार व क्रमांक, डिस्क आणि तिच्या विभागाचा क्रमांक, ग्राफिक्स, नेटवर्क कार्डाचा पत्ता, रॅमची मर्यादा, सीडी ड्राइव्ह वगैरे. त्यांची एक त्रोटक सांकेतिक खूण तयार होई. प्रत्यक्ष क्रमांक कंपनीकडे जात नसत, केवळ खूण जाई. आणि खुणेवरून मूळ क्रमांक काढता येत नसे.

दोन-तीन बदल खपत. नेटवर्क कार्ड तेच राहिले तर आणखी थोडी सूट मिळे. मात्र मदरबोर्ड बदलला की प्रोसेसर, डिस्कचा नियंत्रक, बोर्डावरच असलेले ग्राफिक्स आणि नेटवर्क असे चार-पाच गुणधर्म एका फटक्यात पालटतात. माणसाच्या दृष्टीने दुरुस्ती, प्रणालीच्या दृष्टीने परका संगणक. मग मुदत सुरू होई आणि ती टळली की खिडकी बंद. इंटरनेट नसेल तर फोन: पडद्यावरचे ५० आकडे गटागटाने सांगायचे आणि पलीकडून आलेले ४२ आकडे बिनचूक टंकायचे. पालखीच्या तोंडावर असे आकडे टिपून घेणाऱ्या दुकानदाराला इनाम कमिशनपुढे बसलेल्या माणसाची मनःस्थिती समजायला इतिहास वाचावा लागला नसता.

यात गंमत अशी की मोठ्या संस्थांसाठीच्या घाऊक प्रतींना ही अटच नव्हती. अशी एक घाऊक किल्ली अधिकृत विक्रीपूर्वीच फुटली आणि जगभर फिरली. चोरीची प्रत बिनबोभाट चालली आणि रीतसर खरेदी करणारा फोनवर आकडे वाचत बसला. २००२च्या सर्व्हिस पॅकने ती किल्ली अडवली, पण तोवर चोख हिशेबाच्या माणसाचा मनस्ताप वसूल झालेला होता. या यंत्रणेवरचा सर्वांत खरा आक्षेप हाच वाटतो.

दुसरी गुंतागुंत परवान्याच्या जातीची. दुकानातून खोक्यात घेतलेला रिटेल परवाना एका यंत्रातून काढून दुसऱ्यावर नेता येतो. तयार संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्या संगणकाशी बांधलेला असतो आणि व्यवहारात मदरबोर्ड म्हणजेच तो संगणक. रॅम वाढवा, डिस्क बदला, हरकत नाही. सदोष मदरबोर्डाच्या जागी निर्मात्याकडून आलेला समतुल्य बोर्डही चालतो. पण वेगवान बोर्ड हौसेने बसवला तर परवाना जुन्या बोर्डाबरोबर संपला. वतन जमिनीला चिकटलेले की माणसाला, हा जुना वाद इथे वेगळ्या अक्षरांत भेटतो. २०१२च्या विंडोज ८पासून ओईएम किल्ली मदरबोर्डवरील फर्मवेअरमध्येच कोरली जाऊ लागली आणि पेटीवरचे किल्लीचे स्टिकर गेले. हातातला कागदही तेव्हा संपला.

२९ जुलै २०१५ रोजी आलेल्या विंडोज १०मध्ये बहुतेकांच्या बाबतीत किल्लीच उरली नाही. यंत्राची खूण आणि तिला मिळालेला हक्क कंपनीच्या सर्व्हरवर नोंदला गेला. यालाच डिजिटल लायसन्स म्हणतात. पुरावा पूर्णपणे दप्तरात गेला. मदरबोर्ड बदलल्यावर त्या नोंदीला नवे यंत्र ओळखू येईना. त्यावरचा तोडगा ऑगस्ट २०१६च्या सुधारणेत आला: नोंद मालकाच्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडायची. आजही मार्ग तोच आहे. बोर्ड बदलण्याआधी खात्याने प्रवेश करून परवाना त्याच्याशी जोडला आहे याची सेटिंग्जमधील सक्रियकरणाच्या पानावर खात्री करावी. बदलानंतर त्याच पानावरील समस्यानिवारण उघडावे, अलीकडे हार्डवेअर बदलल्याचा पर्याय निवडावा, त्याच खात्याने प्रवेश करावा आणि यादीतून आपला संगणक दाखवून द्यावा. आवृत्ती मात्र तीच हवी. होमचा परवाना प्रोवर चालत नाही. असे पुनर्सक्रियकरण कितीही वेळा करता येत नाही. आणि खाते आधी जोडलेले नसेल, तर ही वाट बहुधा बंद असते.

एकूण हिशेब पाहता हा बदल एक्सपीच्या फोनपेक्षा सुसह्य आहे, हे मान्य करावे लागते. पण सनदेतल्या त्या कलमाचा क्रम यात उलटला आहे. तेव्हा असल धन्याकडे आणि तालीक दप्तरात. आता असल दप्तरात, आणि धन्याकडे तालीकही नाही. दप्तराचा नियम बदलला तर काय होते, याचे उदाहरण लांबचे नाही. विंडोज ७ आणि ८च्या जुन्या किल्ल्यांवर नवी विंडोज सक्रिय करण्याची सोय वर्षानुवर्षे चालू होती. सप्टेंबर २०२३मध्ये कंपनीने ती वाट बंद झाल्याचे जाहीर केले. किल्ल्या खोट्या नव्हत्या, त्यांना मान्यता देणारे खाते मिटले.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि अनेक जुने बोर्ड तिथेच बाद होतात. म्हणजे मदरबोर्ड बदलण्याचा, अर्थात परवाना पुन्हा जागा करण्याचा प्रसंग अनेक दुकानांवर एकाच वेळी आला आहे.

त्यातही विंडोजचा प्रश्न अर्ध्या तासाचा. डीटीपीच्या दुकानांत खोल अडचण वेगळी आहे. १९९०च्या दशकात जुळवलेला मजकूर युनिकोडमध्ये नाही. प्रत्येक पॅकेजची अक्षरांची मांडणी आपापली. ते पॅकेज आणि त्याचे लॉक चालले नाही, तर फाइल उघडते पण पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो. युनिकोडमधील देवनागरी १९९१पासून आहे, विंडोज २०००पासून मराठीची सोय प्रणालीतच आहे आणि तिच्यासोबत येणारा मंगल फॉन्ट मुंबईच्या र. कृ. जोशी यांनी घडवलेला आहे. तरीही छपाईची दुकाने सुबक अक्षरांसाठी जुन्या पॅकेजांना चिकटून राहिली. त्यामुळे तीस वर्षांची संस्थानांची पत्रके, स्मरणिका आणि गावोगावच्या सप्ताहांच्या पत्रिका आज अशा फायलींत पडून आहेत. रूपांतराची साधने उपलब्ध आहेत. जोडाक्षरे आणि रफार त्यांत चुकतात, म्हणून छापील प्रत शेजारी ठेवून ताडावे लागते. ज्यांची छापील प्रत उरलेली नाही, त्यांच्यासाठी जुन्या पोर्टचा एखादा संगणक आणि तो काडेपेटीएवढा ठोकळा अजून फेकून देण्याजोगा झालेला नाही.