जीईबी-२४ची कुळकथा

कुंभकोणमहून मायिलादुतुरैच्या रस्त्याने निघालं की पंधरा किलोमीटरच्या आत आडुदुरै लागतं. १९२२पासून इथे भात संशोधन केंद्र आहे. साठच्या दशकात तंजावरच्या कुरुवै हंगामात, म्हणजे जूनमध्ये सुरू होणाऱ्या कमी दिवसांच्या पिकात, ज्याचं नाव गाजलं ते एडीटी-२७ हे वाण इथलंच. त्याच्या जन्मदात्यांपैकी एक जपानी नोरिन-१० (याच नावाचा गहू वेगळा), दुसरं जीईबी-२४. माझा जीव या दुसऱ्यात अडकतो, कारण ते कुणी संकर करून घडवलेलं नाही. कोनामणी या जुन्या वाणात ते आपोआप उपजलं. कोइमतूरच्या भात पैदास केंद्राने ते निवडून वाढवलं आणि १९२१मध्ये शेतकऱ्यांच्या हाती दिलं. नाव पडलं सरकारी वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हुद्द्याच्या आद्याक्षरांवरून. तांदूळ उत्तम, म्हणून ते टिकलं.

भाताच्या जनुकसंचात सुमारे ३९ कोटी अक्षरं असतात. दर पिढीत ती उतरवली जाताना कुठेतरी चूक राहतेच, तीच उत्परिवर्तन. एका हेक्टरात तीन लाखांच्या आसपास चुडं लावली जातात, म्हणजे असे बदल प्रत्येक शिवारात ढिगाने होत असणार. बहुतेक दिसतच नाहीत, काही रोपाला मारक ठरतात. बरं, नुसत्या उत्परिवर्तनाच्या बळावर काही पसरेल म्हणाल, तर तेही नाही. एखादा बदल दहा लाखांत एकदा या वेगाने होत राहिला, तर तो निम्म्या जनुकप्रतींत पोचायला जवळजवळ सात लाख पिढ्या लागतील. उपयुक्त बदलाचंही खरं नाही. १९२७मध्ये जनुकशास्त्रज्ञ हॉल्डेन यांनी हिशेब मांडला: एक टक्का फायदा देणारा नवा बदल कायमचा टिकण्याची शक्यता शंभरात दोन. बाकीचे निव्वळ योगायोगाने पुसले जातात. उत्परिवर्तन कच्चा माल पुरवतं, एवढंच; पण त्याच्याविना निवडीला हात घालायला काही उरत नाही.

कोनामणीतल्या त्या रोपाला माणसाची नजर लाभली आणि लाखो पिढ्यांचं काम काही हंगामांत झालं. भात स्वपरागित, त्यामुळे वेगळेपण चारदोन पिढ्यांत शुद्ध होऊन बसलं. मग वंश फोफावला. जीईबी-२४पासून टीकेएम-६, त्याच्यापासून फिलिपिन्समध्ये आयआर-२०.

आडुदुरैचंच एडीटी-४१ हे बासमती-३७०चं उत्परिवर्तनाने बुटकं झालेलं रूप. रानात उंच शेजाऱ्यांच्या सावलीत असं रोप मागे पडलं असतं. खतपाण्याच्या शेतात तेच बुटकेपण कामी येतं, कारण कणसाच्या भाराने ते लोळत नाही.