पाहुणा कुठपर्यंत आत?

मोरोक्कोतल्या माराकेश शहरात उतरलेलं मराठी कुटुंब सुरुवातीला जरा बिचकतं. जुन्या शहराच्या गल्ल्यांत टॅक्सी शिरत नाही. बॅगा ओढत चालायचं, दोन्ही बाजूंना गेरूच्या रंगाच्या उंच भिंती, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. मोबाईलवर फोटो बघून बुक केलेलं ते देखणं घर हेच का? मग एक बुटकं दार उघडतं, आतला बोळ एकदा वळतो आणि समोर उघडं आकाश येतं. मधे कारंजं, संत्र्याचं झाड, चहूबाजूंनी खोल्या. अशा घराला रियाद म्हणतात. मूळ अरबी शब्द बागेचा आहे.

सोबत आजी असेल तर ती दोन मिनिटांत निकाल देईल, "अरे, हा तर आपला वाडाच की!"

आजीचं बरोबर आहे. नाशिक-पुण्याच्या वाड्यांनीही रस्त्याला पाठच दाखवली. दिंडी दरवाजा, मग देवडी, मग चौक, ओसरी, माजघर. ऊन, वारा, बायकांचा वावर, सगळं आत. पण साम्य फक्त बांधकामाचं नाही. दोन्ही घरांच्या नकाशात एकच प्रश्न मुरलेला आहे: पाहुणा कुठपर्यंत आत? कोणी देवडीवरच थांबायचं, कोणी ओसरीवर टेकायचं, कोणाला माजघरात पाट मांडायचा, हे घराला पाठ असायचं. रियादचा तो वळलेला बोळही याचसाठी असतो. दार उघडलं तरी रस्त्यावरची नजर आत पोचू नये.

आज तिथे या प्रश्नाचं उत्तर दर रात्रीच्या भाड्यात मिळतं. विसाव्या शतकात अनेक कुटुंबं जुनं शहर सोडून नव्या वस्तीत गेली. शतकाच्या शेवटी त्यांची घरं बाहेरच्यांनी घेतली आणि त्यांची अतिथिगृहं झाली. पासपोर्ट दाखवा, पैसे भरा, थेट गच्चीपर्यंत जा. पैसे देणारा कोणीही आत, ही सोय आपल्याला आता इतकी सवयीची झाली आहे की ती किती अलीकडची आहे हे लक्षातच येत नाही.

आता उलटा प्रवास बघू. मोरोक्कोचा माणूस आपल्याकडे पाहुणा म्हणून आला, तेव्हा काय झालं?

इब्न बतूता हा तांजिए शहराचा. जन्म १३०४ चा. १३३३ मध्ये तो सिंधू नदीपाशी पोचला आणि पुढे दिल्लीत मुहम्मद तुघलकाचा काझी झाला. १३४२ मध्ये सुलतानाने त्याला वकील म्हणून चीनकडे धाडलं. त्या वाटेवर तो दौलताबादला आणि नंदुरबारला आला. दौलताबादचा किल्ला, तिथला बाजार, तिथली द्राक्षं आणि डाळिंबं, मराठ्यांचं खाणं, जेवणाआधी आंघोळ करण्याची त्यांची रीत, सगळं त्याने नोंदवलं. सुलतानाचा माणूस असल्यामुळे शहरांत त्याची सोय व्हायची.

पुढे गोव्यापासून खाली मलबारच्या वाटेवर मात्र त्याला वेगळा अनुभव आला. तो सांगतो, दर अर्ध्या मैलावर लाकडी निवारा, बसायला बाकं, जवळ विहीर आणि पाणी द्यायला एक माणूस. वाटसरू हिंदू असेल तर पाणी भांड्यातून, मुसलमान असेल तर ओंजळीत वरून ओतायचं. मुसलमानाला घरात घ्यायचं नाही, घरच्या भांड्यात वाढायचं नाही. जेवण द्यायचं ते केळीच्या पानावर. म्हणजे तहानेची, भुकेची काळजी होती, पण उंबरठा मात्र बंद होता.

ज्यांना उंबरठा उघडा होता, त्यांचं काय? त्याचं उत्तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे सापडतं. हॉटेलं नव्हती तेव्हा यात्रेला आलेलं कुटुंब आपल्या उपाध्यांच्या वाड्यात उतरायचं. तिथेच मुक्काम, तिथेच जेवण, तिथूनच गोदावरीवर विधीला जायचं. उपाध्ये मूळ गाव आणि आडनाव विचारून वही काढायचे. या वह्यांना नामावळी म्हणतात. जुन्या नोंदी मोडीत असतात. कोण आलं, कोणाचा मुलगा, कोणाचा नातू. आजही कोणाला तिथे पणजोबांची सही सापडते आणि गळा दाटून येतो.

पण ती वही वाचताना हेही लक्षात ठेवावं की ती ज्यांना आत घेतलं त्यांची आहे. ज्यांना देवडीपर्यंतही येऊ दिलं नाही, त्यांचे पणजोबा तिच्यात कुठून असणार? त्याच नाशकात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या प्रवेशासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला. तो पाच वर्षं चालला, तरी दार उघडलं नाही.

बाबासाहेबांच्या स्वतःच्या आयुष्यातही अशी एक वही आहे. परदेशातून शिकून ते १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी गेले. मुक्कामाला जागा मिळेना, म्हणून एका पारशी सराईत गेले. तिथे फक्त पारशांना परवानगी होती. राखणदाराला गिऱ्हाईक हवं होतं आणि यांना छप्पर. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचं ठरलं. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले दहा-बारा पारशी वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगितली. जगातल्या मोठ्या विद्यापीठांनी ज्याला आत घेतलं, त्याला स्वतःच्या नावाने एका सराईत राहता आलं नाही.

१९३४ मध्ये ते सहकाऱ्यांसह दौलताबादचा किल्ला बघायला गेले. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी दारालगतच्या टाक्यात हात-तोंड धुतलं. पाणी बाटवलं म्हणून तिथले मुसलमान धावून आले. शेवटी किल्ला बघायला मिळाला, पण सोबत पहारेकरी देऊन, पुन्हा पाण्याला हात लागू नये म्हणून. मलबारच्या वाटेवर ज्या रिवाजाने मुसलमान वाटसरूला भांडं नाकारलं, तोच रिवाज सहाशे वर्षांनी दौलताबादेत मुसलमानांनीच दुसऱ्यांवर चालवला. हे सगळं बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलं आहे.

आता परत आपल्या उपनगरात या. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरच्या फ्लॅटला देवडी नाही, ओसरी नाही. दार उघडलं की थेट हॉल. मग देवडी गेली कुठे? ती खाली गेटवर गेली. वॉचमनच्या टेबलावर वही असते: नाव, कोणाकडे, किती वाजता. हल्ली ती मोबाईलच्या अ‍ॅपमध्येही असते. कित्येक इमारतींत घरकामाच्या मावशींची आणि डिलिव्हरीवाल्याची लिफ्ट वेगळी. भाड्याने घर बघायला गेलात की आडनाव आणि ताटातलं खाणं विचारलं जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये मुलुंडला एका मराठी बाईंना मराठी म्हणून ऑफिससाठी जागा नाकारल्याचा व्हिडिओ घरोघरी पोचला. आपण संतापलो, ते योग्यच होतं. पण आपल्याच मजल्यावरचा फ्लॅट भाड्याने देताना दलालाला आपण काय काय बजावतो, तेही त्याच दिवशी आठवायला हवं होतं.

सुट्टीत रियादमध्ये फॉर्म भरताना आपल्याला कोणी जात विचारत नाही, डब्यात काय आहे ते विचारत नाही. परक्या देशात आपण सहज चौकापर्यंत, गच्चीपर्यंत जातो, आणि त्या घराचं कौतुक करत परततो. परत आल्यावर एकदा आपल्या गेटवरची वही उघडून बघा. कोणाकोणाची नावं तिच्यात रोज लिहावी लागतात, आणि कोण न थांबता आत येतो?