धसका आणि प्रश्नावली : कोयनेपासून कृष्णेपर्यंत

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर परिसरात झालेल्या भूकंपात सुमारे १८० माणसे मृत्युमुखी पडली. वाचलेल्यांच्या मनावर जे ओरखडे उमटले ते मोजण्याचे साधन तेव्हा नव्हते. वुडवर्थ ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस सैनिकांसाठी एक प्रश्नावली रचली होती हे खरे. परंतु तिचा रोख रणांगणावर टिकू न शकणारी प्रकृती आधीच हुडकण्याकडे होता, आघात सोसलेल्याची विचारपूस करण्याकडे नव्हे.

विशिष्ट घटनेला अनुलक्षून विचारणारी होरोविट्झ, विल्नर व आल्वारेझ यांची १५ विधानांची मोजपट्टी १९७९ साली आली. पुढच्याच वर्षी अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात आघातोत्तर तणाव-विकृतीला स्वतंत्र स्थान मिळाले. १९९७ मध्ये वाइस व मार्मर यांनी विधानांची संख्या २२ केली. मागील सात दिवसांत अमुक त्रास किती झाला हे ज्याचे त्याने नोंदवावयाचे आणि गुणांची बेरीज घ्यावयाची, अशी ही रीत.

भाषाभ्यासकाची अडचण येथून सुरू होते. इंग्रजीत स्मरणाचा कर्ता 'मी' असल्याने 'मनात नसताना' अशी पुस्ती जोडावी लागते. मराठीत आठवण आपण होऊनच येते. मुद्दाम करावयाची तर ती 'काढावी' लागते. म्हणून 'इच्छा नसतानाही आठवण आली काय?' हा शब्दशः अनुवाद, 'आठवण येऊ नये असे तुम्हांस वाटते काय?' असा ऐकू येतो. जिचे मूल ढिगाऱ्याखाली गेले ती माउली ह्याला 'नाही' म्हणेल, आणि तिची बेरीज तेवढी कमी भरेल. उलट, 'धसका घेणे', 'हाय खाणे' ह्या प्रयोगांत सोसणाराच कर्ता असतो. 'तणाव' हा शब्द मात्र वर्तमानपत्री. तो गावात पोलीस आले म्हणजे आठवतो.

कालमर्यादेचेही तसेच. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांवर गेली. ८ तारखेस ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांना नेणारी नाव उलटून अनेकांचा अंत झाला. नदीकाठच्या माणसाला फेब्रुवारीतील सात दिवस आणि धरणातून विसर्ग सुरू झाल्याची बातमी आलेले जुलैतील सात दिवस सारखे नसतात. कोयनेकाठी तर घटना 'होऊन गेली' हे गृहीतच लंगडे पडते, कारण तेथे लहानमोठे धक्के १९६७ नंतरही बसतच राहिले आहेत.