स्तनरोपणाचे आकारमान : मर्यादा आणि निवड

विवेचनाच्या आरंभी चार संज्ञा निश्चित करणे आवश्यक आहे. रोपण म्हणजे सिलिकॉनचे कवच असलेली आणि सिलिकॉन जेलने किंवा सलाइनने भरलेली पिशवी. व्यवहारात तिला इम्प्लांट म्हणतात. आकारमान म्हणजे तिचे घनफळ. ते सीसीमध्ये, म्हणजे घन सेंटीमीटरमध्ये, मोजले जाते. आधाररुंदी म्हणजे छातीवर टेकणाऱ्या तळाचा व्यास. उठाव म्हणजे तळापासूनची कमाल उंची. घनफळ ही स्वतंत्र राशी नसून ती आधाररुंदी आणि उठाव यांपासून निघते, हे पहिले प्रतिपादन होय.

याची सिद्धता साध्या भूमितीने देता येते. इम्प्लांट हा गोलाचा खंड मानावा. तळ १३ सेंटीमीटर व उठाव ४ सेंटीमीटर असलेल्या खंडाचे घनफळ सुमारे ३०० सीसी येते. तळ ११ व उठाव ५ सेंटीमीटर घेतल्यास उत्तर पुन्हा सुमारे ३०० सीसीच येते. प्रत्यक्षातील इम्प्लांट शुद्ध गोलखंड नसतात, परंतु निष्कर्ष बदलत नाही: एकाच अंकाने दोन भिन्न वस्तू निर्दिष्ट होतात. यांतली पहिली अरुंद छातीच्या स्त्रीला बसणार नाही आणि दुसरी रुंद छातीच्या स्त्रीच्या दोन स्तनांमध्ये रिकामी जागा ठेवील. म्हणून मैत्रिणीला किंवा बहिणीला किती सीसीचे बसवले हे ज्ञान दुसऱ्या शरीराच्या बाबतीत जवळजवळ निरुपयोगी ठरते.

घनफळाइतकाच फसवा दुसरा अंक म्हणजे अंतर्वस्त्राचा. ३२ डी, ३४ सी आणि ३६ बी या तीन मापांच्या कपांचे घनफळ साधारण सारखेच असते. कपाचे अक्षर छातीच्या घेरावाचून अर्थहीन आहे आणि निरनिराळ्या कंपन्यांची मापे परस्परांशी जुळतही नाहीत. रायपूरच्या पंडरी भागातील कापड बाजारात ही विसंगती खपून जाते, कारण तेथे कापड शरीराच्या मापाने कापले जाते व चुकल्यास पुन्हा उसवता येते. इम्प्लांट तयार मापांत येते; त्याला जागा करून देण्याचे काम ऊतींना करावे लागते. त्यामुळे ‘सी कप हवा’ ही इच्छा सर्जनला दिशा दाखवते, माप देत नाही.

प्रयोजनानुसार स्तनरोपणाचे दोन प्रकार पडतात. पहिला वर्धन आणि दुसरा पुनर्रचना, म्हणजे कर्करोगामुळे स्तन काढल्यानंतरची बांधणी. पुनर्रचना एकाच बाजूची असल्यास आकारमानाचा प्रश्न बराचसा आधीच सुटलेला असतो: दुसरा स्तन हेच माप. काढलेल्या ऊतीचे वजन सर्जनला अंदाज देते. त्वचा अपुरी असल्यास आधी टिश्यू एक्स्पांडर, म्हणजे त्वचा ताणणारी तात्पुरती पिशवी, बसवून तो आठवडे-महिने थोडा थोडा भरत नेतात. पुढील विवेचन मुख्यतः वर्धनासंबंधी आहे, कारण निवडीचा भ्रम तेथेच अधिक असतो.

शरीराच्या बाजूने चार मापे घ्यावी लागतात. एक, स्तनाची विद्यमान आधाररुंदी. दोन, त्वचेची ताणक्षमता: स्तनाग्राभोवतीची त्वचा पुढे ओढली असता ती किती सेंटीमीटर येते. तीन, त्वचा पूर्ण ताणून स्तनाग्रापासून स्तनाखालच्या घडीपर्यंतचे अंतर. चार, आच्छादन: स्तनाच्या वरच्या भागात चिमटीत येणाऱ्या ऊतीची जाडी. अमेरिकन सर्जन जॉन टेबेट्स आणि विल्यम अ‍ॅडम्स यांनी २००५ मध्ये अशा मापांवर आधारलेली निर्णयपद्धती मांडली. तीत आरंभीचे घनफळ आधाररुंदीवरून ठरते व मग दुरुस्त केले जाते: ताण २ सेंटीमीटरपेक्षा कमी असल्यास ३० सीसी वजा, ३ पेक्षा अधिक असल्यास ३० सीसी मिळवणे, ४ पेक्षा अधिक असल्यास ६० सीसी मिळवणे. दुरुस्त्यांचा हा अल्प आवाका ध्यानात घेण्यासारखा आहे. तीनशेवरून साडेचारशेवर उडी मारण्यास त्यात आधार सापडत नाही.

चौथे माप आकारमानापेक्षा स्थान ठरवते. चिमटी २ सेंटीमीटरपेक्षा कमी भरल्यास इम्प्लांटचा वरचा भाग तरी छातीच्या स्नायूखाली ठेवणे इष्ट मानतात, अन्यथा त्याची कड बाहेरून दिसते. परंतु आच्छादन कायमचे नसते. मोठे इम्प्लांट ते स्वतःच झिजवते: दाबाने ग्रंथी-ऊती आक्रसते, त्वचा पातळ होते आणि आज पुरेसे वाटलेले आवरण काही वर्षांनी अपुरे पडते. आकारमानाचा विचार म्हणूनच केवळ शस्त्रक्रियेच्या दिवसापुरता करता येत नाही.

मर्यादा ओलांडल्यास होणारे दोष मर्यादेनुसारच वेगळे असतात. आधाररुंदी ओलांडली तर इम्प्लांट काखेकडे सरकते किंवा दोन्ही स्तन मध्यरेषेवर जोडल्यासारखे दिसतात. हा दुसरा दोष सुधारणे अवघड. घडीपर्यंतचे अंतर ओलांडले तर इम्प्लांट घडीखाली उतरते व स्तनाग्र वर वळते. आच्छादन ओलांडले तर कवचाच्या लहरी त्वचेतून उमटतात. याशिवाय भाराचा विचार वेगळा करावा लागतो: जेलची घनता पाण्याच्या जवळपास असल्याने ४०० सीसीची जोडी म्हणजे पाऊण किलोहून अधिक वजन, जे अहोरात्र त्वचेवर लोंबते.

आता प्रश्न उरतो की स्त्रीने निवडायचे ते काय. आधाररुंदी शरीराने ठरवली. ती विद्यमान स्तनापेक्षा किंचित कमी ठेवणे सामान्यतः सुरक्षित असते. निवड मुख्यतः उठावाची, म्हणजे लो, मॉडरेट की हाय प्रोफाइल याची, आणि तीही त्वचा मान्य करील त्या पट्ट्यात. इच्छा स्पष्ट करण्यासाठी मोज्यात तांदूळ भरून ब्रामध्ये ठेवण्याची घरगुती चाचणी उपयोगी आहे, फक्त ती इच्छेचीच चाचणी होय. बाहेरून ठेवलेले माप स्नायू व ऊतींचा दाब सोसत नाही, त्यामुळे आत गेल्यावर तेच घनफळ लहान वाटते. सौंदर्याच्या सूत्रांबाबतही सावधपणा हवा. सर्जन पॅट्रिक मॅलुची यांनी २०१२ मध्ये १०० मॉडेलच्या छायाचित्रांवरून स्तनाच्या वरच्या व खालच्या भागाचे ४५ : ५५ प्रमाण मांडले. अतिरिक्त घनफळ वरचा भाग फुगवून हे प्रमाण उलटवते, एवढा बोध त्यातून घ्यावा. मॉडेलांची छायाचित्रे ही सर्व स्त्रियांची प्रमाणमूर्ती नव्हे.

कालाचा विचार शेवटी येतो, पण त्याचे महत्त्व गौण नाही. १९६२ मध्ये ह्यूस्टन येथे सर्जन क्रोनिन व गेरो यांनी सिलिकॉन जेलचे पहिले स्तनरोपण केले. तेव्हापासून आजवर आजन्म टिकणारे इम्प्लांट निघालेले नाही. गर्भारपण, स्तनपान आणि वजनातील चढउतार ऊती बदलतात. अमेरिकेची औषधनियामक संस्था एफडीए हिने वर्धनासाठी जेल इम्प्लांटचे किमान वय २२ ठेवले आहे. कवचाच्या पृष्ठभागाचा प्रश्न आकारमानाहून स्वतंत्र आहे, तरी विचारून घ्यावा: खडबडीत पृष्ठभागाशी निगडित दुर्मीळ लिम्फोमामुळे २०१९ मध्ये अ‍ॅलरगन कंपनीची बायोसेल इम्प्लांट जगभरातून परत घेतली गेली.

रायपूरच्या मराठी कुटुंबांत मोठ्या उपचारासाठी नागपूर गाठण्याची वहिवाट जुनी आहे, आणि या शाखेत तिला आधारही आहे: प्लास्टिक सर्जरीचा देशातील पहिला स्वतंत्र विभाग १९५८ मध्ये मेजर सी. बालकृष्णन यांनी नागपुरातच उभारला. आता रायपूरच्या टाटीबंध येथील एम्समध्येही हा विभाग आहे. गाव कोणतेही असो, सल्ल्याच्या वेळी सर्जनने फूटपट्टी व कॅलिपर हाती न घेता थेट सीसीचा आकडा सांगितला, तर दुसरे मत घ्यावे. घेतलेली चार मापे कागदावर लिहून मागावीत. शस्त्रक्रियेनंतर मिळणारे इम्प्लांट कार्ड, ज्यावर घनफळ, प्रकार व अनुक्रमांक असतो, ते इतर वैद्यकीय कागदपत्रांसोबत जपून ठेवावे. पुढच्या सर्जनला पहिल्यांदा तेच लागते.